अंतराळातली गारपीट आणि यानाचे छप्पर

परतवाड्याहून निघालेली एस.टी. घाटाची वळणे चढू लागली, की थोड्या वेळाने कानांत दडे बसतात. एखादी जांभई दिली की ते सुटतात आणि प्रवासी पुन्हा खिडकीबाहेरच्या सागाकडे पाहू लागतात. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंच. म्हणजे एवढ्या चढात आपण साडेसातशे मीटर हवा पायाखाली घालून वर आलेलो असतो. कान तेवढेच सांगत असतात.

हवेला वजन असते, हे आपण एरवी विसरूनच जातो. समुद्रकाठी एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, हवेचा जो खांब थेट आकाशापर्यंत उभा असतो, त्याचे वजन एक किलोहून थोडे अधिक भरते. तेवढ्याच वजनाचे पाणी त्या जागेवर उभे करायचे तर दहा मीटर खोल विहीर लागेल. या हिशेबाने अमरावतीची माणसे जवळजवळ दहा मीटर पाण्याच्या छपराखाली राहतात आणि चिखलदऱ्याची नऊ मीटरच्या. दोन हात छप्पर कमी! त्यामुळे तिथल्या कोणाचे काही बिघडत नाही. कॉफी चांगली येते, पावसाळ्यात ढग घरात शिरतात, एवढेच. पण हे छप्पर नेमके काय अडवते आणि ते मागे टाकून माणूस वर गेला की त्याने डोक्यावर काय घ्यायचे, ही मोठी गमतीची आणि तितकीच जोखमीची गोष्ट आहे.

आकाशातून आपल्यावर अहोरात्र एक गारपीट चालू असते. या गारा डोळ्यांना दिसत नाहीत. ते असतात अणूंचे गाभे, वरचे इलेक्ट्रॉन झडून गेलेले आणि म्हणून विजेचा भार असलेले. बहुतेक हायड्रोजनचे, काही हेलियमचे, थोडे कार्बन, ऑक्सिजन आणि लोखंडाचेसुद्धा. दूरदूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून ते प्रकाशाच्या जवळपास वेगाने सुटलेले असतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात. नाव किरण असले तरी हे कणच. १९१२ साली व्हिक्टर हेस नावाचा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्याच्या पाळण्यात बसून पाच हजार मीटरवर गेला, तेव्हा जमिनीपेक्षा वरती हा मारा कितीतरी अधिक आहे असे त्याला आढळले. तोवर लोक समजत होते की हे किरण जमिनीतूनच येतात.

आपल्यापर्यंत पोचते ती या गारपिटीची शेवटची भुरभुर. तळहात आडवा धरला तर मिनिटाला शंभराच्या घरात कण त्यातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. चिखलदऱ्याला ते थोडे अधिक असतात, इतकेच.

आता अंतराळयानाकडे वळू. यानाची भिंत कशाची? बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, काही मिलिमीटर जाडीची. आत यंत्रे, टाक्या, सामानसुमान असते, त्यांचाही थोडा आडोसा होतो. अमेरिकेच्या ज्या अपोलो यानातून माणसे चंद्रापर्यंत गेली, त्याच्या कवचाचा भार चौरस सेंटिमीटरला सात-आठ ग्रॅम होता. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर सात-आठ सेंटिमीटर पाणी. कुठे आपले दहा मीटर आणि कुठे हे चार बोटे!

कोणीही म्हणेल, मग पत्रा जाड करा. सिसे लावा. इस्पितळात क्ष-किरणाच्या खोलीला सिसे लावतात, तसे. ऐकायला सरळ वाटते, पण इथेच सारी मेख आहे.

कौल फुटले तर?

गारपिटीत टिनाच्या पत्र्यावर केवढा दणका होतो, ते आपल्याला ठाऊक आहे. कौलारू घर असेल आणि गार मोठी असेल तर कौल फुटते. मग आत बसलेल्याच्या अंगावर गार एक आणि कौलाच्या ठिकऱ्या दहा. गवताने शाकारलेल्या छपरावर तीच गार पडली तर ती गवतात रुतून बसते. गवत कौलापेक्षा मजबूत असते असे नाही, पण त्याच्या ठिकऱ्या होत नाहीत.

विश्वकिरणांचा कण धातूच्या पत्र्यात शिरला की असेच घडते. इटलीत ब्रूनो रॉसी या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एक साधा प्रयोग केला. कण मोजणारी तीन यंत्रे त्याने अशी मांडली की एकाच क्षणी अनेक कण आले तरच नोंद व्हावी. वर सिशाचा पत्रा ठेवला. अपेक्षा ही, की सिसे वाढवू तशी मोजणी घटेल. झाले उलटे. पत्रा जाड करत गेल्यावर मोजणी वाढत गेली. दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत ती चढली आणि त्यानंतर कुठे उतरू लागली. म्हणजे पातळ छपराखाली बसण्यापेक्षा उघड्यावर बसलेले बरे, अशी गत!

याचा उलगडा ज्यांनी केला त्यांत आपल्या मुंबईचा एक तरुण होता. डॉ. होमी भाभा तेव्हा केंब्रिजला होते. १९३७ साली त्यांनी आणि वॉल्टर हाइटलर यांनी गणित मांडले. वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थातून जाताना प्रकाशाचा एक जबरदस्त कण सोडतो. त्या कणातून इलेक्ट्रॉनची एक जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा तसेच कण सोडते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. मूळ ताकद सर्वांत वाटली जाऊन प्रत्येकाचा वाटा थिटा पडेपर्यंत ही वाढ चालते आणि मग सगळी पिलावळ एकेक करून थंडावते. शेतजमिनीच्या वाटण्यांसारखेच आहे हे. चार पिढ्यांनी प्रत्येकाच्या वाट्याला दोन तास येतात आणि पुढे वाटणीच होऊ शकत नाही.

आपले हवेचे छप्परही याला अपवाद नाही. आकाशाच्या वरच्या कडेवरून खाली यायला लागलो तर कणांची संख्या आधी वाढते. वीस किलोमीटर उंचीच्या आसपास ती सर्वांत जास्त असते. तिथून खाली मात्र हवा त्यांना गिळत जाते. आपण तळाशी आहोत म्हणून सुखात आहोत. छप्पर अर्धवट असते तर तेच आपल्यावर ठिकऱ्या उडवत बसले असते.

भाभा युद्धामुळे भारतातच राहिले, तेव्हा बंगळूरला त्यांनी हेच मोजमाप पुढे चालवले. १९४४ च्या सुमारास अमेरिकन लष्करी विमानांतून त्यांची मोजणी यंत्रे तीस हजार फुटांवर गेली. यंत्रांच्या मध्ये सिशाचे ठोकळे घालून, त्यातूनही पार होणारे कण किती, हे पाहण्यात आले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली आणि त्याच वर्षी ती मुंबईला आली. या संस्थेच्या माणसांनी पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल यंत्रे नेली. एवढ्या खडकाखालीही एखाददुसरा कण पोचत होता! खडकाचे छप्पर भक्कम खरे, पण ते यानावर लादता येत नाही. रॉकेटने एक किलो वर न्यायचा तर त्यासाठी कितीतरी पट इंधन जाळावे लागते. तेव्हा अंतराळात छपराचा प्रश्न किती जाड एवढाच नसतो. कशाचे, हे आधी ठरवावे लागते.

शेतकऱ्याचा यात काय संबंध?

चंद्रावर जाणारे जातील, आमच्या पऱ्हाटीला त्याचे काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो सरळ आहे. पावसाचा अंदाज, गारपिटीचा इशारा, बंगालच्या उपसागरातल्या वादळाचे चित्र, हे सारे ज्या इन्सॅट उपग्रहांकडून येते ते ३६,००० किलोमीटर उंचीवर उभे आहेत. आणि ती जागा सुरक्षित नाही.

१९५८ च्या सुरुवातीला अमेरिकेने आपला पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ सोडला. आयोवा या मक्याच्या मुलखातले प्राध्यापक जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांनी त्यात कण मोजायचे यंत्र बसवले होते. एका उंचीवर गेले की यंत्र गप्प होई. कण नाहीत म्हणून ते थांबते की काय? नाही. कण इतके दाटीने येत की यंत्राला मोजायला फुरसतच मिळत नसे. त्याच वर्षीच्या जुलैत एक्सप्लोरर-४ गेला. या वेळी एका मोजणी यंत्राला सिशाचे कवच होते आणि एक बिनकवचाचे होते. दोन्हींच्या आकड्यांतला फरक पाहून कोणत्या ताकदीचे कण किती, हे कळले. कवचाचा परिणाम मोजण्याची ही रीत आजही तीच आहे. एक उघडे, एक झाकलेले. आपण खताची एक पट्टी देतो आणि एक कोरी ठेवतो, तशी.

पृथ्वीच्या चुंबकाने विद्युतभारित कण अडवून धरले आहेत आणि त्यांचे दोन पट्टे पृथ्वीभोवती कड्यासारखे आहेत, हे त्यातून निष्पन्न झाले. आतला पट्टा मुख्यतः प्रोटॉनचा, बाहेरचा इलेक्ट्रॉनचा. चुंबकाचे हे कुंपण आपल्या फायद्याचे, कारण बाहेरून येणारे पुष्कळ कण ते वळवून टाकते. पण कुंपणाच्या काट्यांतच ज्याला घर बांधायचे आहे, त्याचे हाल. इन्सॅट बाहेरच्या पट्ट्याच्या कडेला राहतात.

तिथे इलेक्ट्रॉन पत्र्यात घुसून आतल्या तारांच्या वेष्टणात साचत जातात. ढगात जशी वीज साठते तशी ती साठते आणि एक दिवस कडाडते. २० जानेवारी १९९४ रोजी कॅनडाचे अनिक नावाचे दोन उपग्रह काही तासांच्या अंतराने बंद पडले. दूरदूरच्या वस्त्यांची दूरचित्रवाणी आणि टेलिफोन थांबले. एक उपग्रह काही तासांत सावरला, दुसऱ्याला ताळ्यावर आणायला महिने लागले.

याहून नाजूक प्रकार म्हणजे एकाच जड कणाने केलेला खोडसाळपणा. संगणकाच्या स्मृतीत सगळे काही शून्य आणि एक या दोन अंकांत लिहिलेले असते. लोखंडाचा एखादा कण चकतीतून गेला तर एकाचे शून्य होते. पत्रा फुटत नाही, धूर निघत नाही, पण हुकूम बदलतो. म्हणून उपग्रहाचे महत्त्वाचे भाग दोन-तीन जागी ठेवतात आणि तिघांचा कौल घेऊन बहुमताने चालतात. मुंबईत कुलाब्याला १९८८ च्या अखेरीपासून पेलेट्रॉन नावाचे कणवेगक यंत्र आहे. तिथे जड कणांचा झोत पाडून इलेक्ट्रॉनिक भाग अशा माऱ्याखाली कसे टिकतात हेही तपासता येते. जमिनीवर थोड्या वेळात जे होते, त्यावरून वरच्या कित्येक वर्षांचा अदमास बांधायचा.

इलेक्ट्रॉन अडवायला अ‍ॅल्युमिनियमचा काही मिलिमीटर पत्रा पुरतो. पण अडताना ते क्ष-किरण सोडतात. धातू जितका जड तितके हे किरण जास्त. म्हणून आधी हलका धातू, त्याच्या आत गरज पडली तरच जड, असा क्रम ठेवतात. उलट क्रम लावला तर पैसा आणि वजन दोन्ही घालून आपणच आत किरण पेरल्यासारखे होते.

ओले टॉवेल

माणसासाठी सर्वांत चांगले छप्पर कोणते? उत्तर ऐकून हसू येईल. पाणी. किंवा ज्याच्या पिशव्या करतात ते पॉलिथिन.

कारण असे. येणाऱ्या कणाला अडवण्याचे काम मुख्यतः पदार्थातले इलेक्ट्रॉन करतात. त्यांना खेटत खेटत कण दमतो. एक किलो वजनात सर्वांत जास्त इलेक्ट्रॉन मिळतात ते हायड्रोजनमध्ये. शिवाय हायड्रोजनचा गाभा म्हणजे एकच प्रोटॉन. तो फुटून त्याच्या ठिकऱ्या होत नाहीत. सिशाच्या गाभ्यात दोनशेहून अधिक कण ठासून भरलेले असतात. तो फुटला की न्यूट्रॉनसुद्धा उधळतात, आणि न्यूट्रॉनला विजेचा भार नसल्याने तो सहज कोणाला अडत नाही. गोट्या खेळणाऱ्या पोराला विचारा. गोटी दगडावर मारली तर ती तशीच उसळून परत येते. तेवढ्याच वजनाच्या गोटीवर मारली तर मारलेली जागच्या जागी थांबते. न्यूट्रॉनला थांबवणारी गोटी म्हणजे हायड्रोजन. पाण्यात आणि पॉलिथिनमध्ये तो भरपूर असतो.

ही नुसती कागदावरची गोष्ट राहिली नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रशियन भागात २०१० साली झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला पाण्याने भिजलेल्या रुमालांचे आणि टॉवेलांचे थर लावले. हात-तोंड पुसायला ते तिथे असतातच. काही मोजणी बिल्ले या ओल्या पडद्यामागे ठेवले, काही उघड्या भिंतीजवळ. पुन्हा तीच कोऱ्या पट्टीची रीत. पडद्यामागची मात्रा ३७ टक्क्यांच्या आसपास कमी भरली. नवीन वजन काही न्यावे लागले नाही, आहे तेच सामान भिंतीला लावले. आमच्या मते या सगळ्या शास्त्रातले सर्वांत शहाणपणाचे काम हेच असावे. घरात पोती असतातच. ती वाऱ्याच्या बाजूला रचून ठेवायचे शहाणपण कोणत्याही शेतकरणीला शिकवावे लागत नाही.

मोजणी बिल्ले दोन जातीचे असतात. एक, तापवला की साठलेल्या माऱ्याच्या प्रमाणात चमकणारा. क्ष-किरण काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर लावलेला छोटा बिल्ला आपण पाहिला असेल, त्याच कुळातला. दुसरा, चष्म्याच्या भिंगांना वापरतात त्या जातीच्या प्लॅस्टिकचा. जड कण त्यातून गेला की आत बारीक जखम राहते. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात बुडवले की ती जखम कुरतडली जाऊन खड्डा होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतो. खड्ड्याच्या आकारावरून कण कोणता, हे ओळखता येते.

याच प्लॅस्टिकचा एक मोठा प्रयोग मुंबईहून अंतराळात गेला होता. त्याचे नाव अनुराधा. टाटा संस्थेतले डॉ. सुकुमार बिस्वास यांच्या पुढाकाराने तो तयार झाला आणि २९ एप्रिल १९८५ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून स्पेसलॅब-३ या प्रयोगशाळेबरोबर वर गेला. पिंपाच्या आकाराच्या पेटीत या प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या दोन चवडी होत्या. एक स्थिर आणि दुसरी घड्याळाच्या काट्यासारखी हळूहळू फिरणारी. दोन्हींतल्या खुणा जुळवल्या की कण कोणत्या वेळी आला ते कळे. वेळ कळला की यान तेव्हा कुठे होते ते कळे, आणि त्यावरून पृथ्वीचे चुंबकीय कुंपण त्या जागी किती दाट होते तेही. ज्या दुबळ्या कणांना ते कुंपण ओलांडता येऊ नये असे कण आत आलेले आढळले. त्यांच्यावरचे सगळे इलेक्ट्रॉन झडलेले नव्हते, म्हणून विजेचा भार कमी, आणि भार कमी म्हणून चुंबक त्यांना पुरते वळवू शकत नव्हता. नऊ महिन्यांनी, २८ जानेवारी १९८६ रोजी तेच चॅलेंजर यान उड्डाणानंतर लगेच सात जणांसह नष्ट झाले.

कवड्यांचे गणित

प्रत्येक जाडीचे, प्रत्येक पदार्थाचे छप्पर करून वर पाठवणे कोणालाच परवडणार नाही. म्हणून हिशेब करायचा. पण एका कणाचे पुढे काय होईल हे नक्की सांगता येत नाही. तो गाभ्यावर आदळेल की शेजारून निसटेल, हे नशिबाचे. मग शास्त्रज्ञांनी नशिबालाच कामाला लावले. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५२ साली सिशातल्या त्या भाभांच्या वर्षावाचा हिशेब हाताने फिरवायच्या एका पिंपावर केला. पिंप फिरवायचे, थांबेल त्या जागेवरून कणाची पुढची चाल ठरवायची, लिहून ठेवायचे, पुन्हा फिरवायचे. आपण कवड्या टाकून सोंगटी चालवतो तसे. एका डावावरून काही कळत नाही, पण हजारो डाव झाले की सरासरी पक्की होते. आता हेच काम संगणक करतो आणि तो लाखो-कोट्यवधी डाव टाकतो. जिनेव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत जन्मलेली जिअँट-४ नावाची आज्ञावली त्यासाठी जगभर वापरली जाते. यानाचे प्रत्येक नट, टाकी, खुर्ची आणि खुर्चीतला माणूससुद्धा तिच्यात मांडता येतो.

तरी कवड्यांचा हिशेब प्रत्यक्ष मोजल्याशिवाय खरा मानायचा नसतो. २०११ च्या नोव्हेंबरात मंगळाकडे निघालेल्या क्युरिऑसिटी गाडीने वाटेतला मारा मोजला. तिच्याभोवतीचे कवच सरासरीने वीतभर पाण्यापेक्षाही कमी होते. मात्रा रोज १.८ मिलिसिव्हर्ट भरली. मिलिसिव्हर्ट हे या माऱ्याचे माप. त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. जमिनीवर आपल्याला जमीन, हवा, अन्न आणि आकाश मिळून निसर्गाकडून वर्षाला सरासरी अडीचच्या आत मिळतात. आपल्या देशात किरणोत्सर्गात काम करणाऱ्या माणसासाठी सरासरी वर्षाला २० ही मर्यादा आहे. मंगळाच्या जाण्यायेण्याच्या प्रवासात मिळून ६६० च्या आसपास होतात, असा हिशेब २०१३ साली निघाला. अमेरिकेच्या नासा संस्थेने २०२२ पासून अंतराळवीराच्या सगळ्या कारकिर्दीसाठी ६०० ची मर्यादा घातली आहे. म्हणजे एका फेरीतच जन्माचा कोटा संपतो. जास्त मात्रेने पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून ही मर्यादा.

दूरच्या विश्वकिरणांपुढे धातूचे कवच वाढवत गेले तर पहिल्या काही सेंटिमीटरनंतर फार फरक पडत नाही, ठिकऱ्यांनी तो भरून निघतो. सूर्याच्या वादळाचे मात्र तसे नाही. ते कण त्यांच्या मानाने दुबळे, पण एकाएकी लोंढ्याने येतात आणि जाड आडोसा त्यांच्यापुढे खूपच कामी येतो. १९७२ च्या ऑगस्टात असे एक मोठे वादळ झाले. अपोलो-१६ एप्रिलात परतले होते, अपोलो-१७ डिसेंबरात जायचे होते. मधल्या काळात वाटेवर कोणी नव्हते, हे नशीब. चांद्रभूमीवर नुसत्या पोशाखात कोणी असता तर गंभीर आजारी पडला असता.

२०२२ च्या नोव्हेंबरात निघालेले आर्टेमिस-१ हे यान माणसांशिवाय चंद्राला वळसा घालून आले. माणसांच्या जागी हेल्गा आणि झोहर नावाच्या दोन पुतळ्या होत्या. स्त्रीच्या शरीराची हाडे, फुप्फुसे यांच्याशी जुळणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या रचून केलेल्या आणि आत हजारो मोजणी बिल्ले. झोहरच्या अंगावर पॉलिथिनचे जाकीट होते, हेल्गा उघडी. कोरी पट्टी पुन्हा आलीच. यानातल्या चांगल्या आडोशाच्या आणि कमी आडोशाच्या जागांत चौपटीचा फरक निघाला. आणखी एक गोष्ट कळली. पट्ट्यातून जाताना यानाने नुसती कूस बदलली तर आतली मात्रा निम्म्यावर आली, कारण जाड बाजू माऱ्याच्या दिशेला आली. तिरप्या पावसात बैल पाठ कोणत्या बाजूला करून उभा राहतो, ते आठवा.

आपल्या देशानेही हा मारा मोजला आहे. २००८ च्या ऑक्टोबरात निघालेल्या चांद्रयान-१ वर बल्गेरियाचे रॅडॉम नावाचे यंत्र होते. पट्टे ओलांडताना आणि चंद्राभोवती फिरताना ते मात्रा नोंदवत राहिले. २०२३ च्या सप्टेंबरात सुटलेल्या आदित्य-एल१ वरही सूर्याचे कण मोजणारी यंत्रे आहेत. गगनयानातून तिघांना सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर तीन दिवस न्यायची योजना आहे. त्या उंचीवर पृथ्वीचे चुंबकीय कुंपण बरेचसे साथ देते. स्थानकावर दिवसाला अर्धा ते पाऊण मिलिसिव्हर्ट मिळतो, त्या मानाने तीन दिवसांत सुमारे दोन होतील. जमिनीवरच्या एका वर्षाएवढे. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला स्थानकावर १८ दिवस राहून आले, तेही या हिशेबात काळजी करण्याजोगे नाही. सहा-सहा महिने राहणाऱ्यांच्या अंगी मात्र ८० ते १६० जातात, आणि त्यांच्यासाठीच त्या ओल्या टॉवेलांची चौकशी.

आकाशातून पडलेल्या वस्तूंविषयीही दोन शब्द. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात रॉकेटचे धातूचे कडे येऊन पडले, तेव्हा त्यातून किरण निघतात काय अशी भीती लोकांना वाटली. कणांचा मारा खाल्लेला पत्रा घरात बसून मारा करत नाही. धोका असतो तो उरलेल्या विषारी इंधनाचा, म्हणून हात लावू नये आणि पोलिसांना कळवावे.

टाटा संस्थेचे हैदराबादचे केंद्र १९६९ पासून पॉलिथिनचे प्रचंड फुगे सोडते. ते तीस-चाळीस किलोमीटर वर जातात, जिथे डोक्यावर हवेचे छप्पर जवळजवळ उरतच नाही. काम झाले की यंत्रांची पेटी रंगीत हवाई छत्रीने खाली येते. फुग्यांची वाट साधारण विशाखापट्टणम, हैदराबाद, सोलापूर या रेषेच्या आसपासची. वऱ्हाडात ते सहसा येत नाहीत, पण आपले पाहुणे-सोयरे त्या बाजूला असतात. वावरात अशी पेटी उतरलेली दिसली तर ती उघडू नये. काही यंत्रांत जास्त दाबाची वीज असते, आणि आतल्या नोंदी बिघडल्या तर सगळी मेहनत वाया जाते. पेटीवर पत्ता आणि टेलिफोन नंबर लिहिलेला असतो. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा त्या नंबरावर कळवले, आणि पेटी जशीच्या तशी राखली, तर खर्च आणि बक्षीस मिळते.